अस्सलबरहुकूम चंद्र

सन १९५५ च्या फेब्रुवारीत पनवेलला कलाप्रदर्शन भरवण्याचे ठरले. गावाला कलेची भूक लागली होती असे नव्हे. तालुका कलाप्रोत्साहन उपसमिती स्थापन होऊन तीन वर्षे झाली तरी तिने अद्याप कशालाही प्रोत्साहन दिलेले नाही, अशी विचारणा वरून आली होती. मी त्या उपसमितीचा सदस्य होतो. चिटणीस महादेवराव ठराव मांडत आणि मी अनुमोदन देत असे. तीन वर्षांत माझे एकही अनुमोदन चुकले नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

कलावंत तीन मिळाले. ओवे गावच्या गंगाबाई कुंभारीण निळ्या झिलईच्या बरण्या भाजत. सोडावॉटरच्या कारखान्यातला धर्मराज फुटक्या बाटल्या वितळवून काचेचे मासे करी. आणि शाळेतल्या ड्रॉइंगच्या हेप्झिबाबाई लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून, त्याला शाई लावून, कागदावर छाप घेत. तिघांच्या वस्तूंतली एक मुंबईचे पाहुणे निवडणार आणि ती गावच्या वाचनालयात कायमची लागणार होती.

ती जागा हेप्झिबाबाईंना हवी होती. त्या कोकणातल्या ज्यू, आणि त्यांच्या घरचे सगळे महिन्याभरात बोटीने कायमचे इस्रायलला निघणार होते. "आमच्या किती पिढ्या इथं गेल्या," त्या म्हणाल्या. "आता घरही दुसऱ्याचं झालं. गावातल्या एका भिंतीवर तरी आमच्यातल्या कुणाचं नाव राहू दे." मला फार वाईट वाटले. मी लगेच अनुमोदन दिले.

अडचण अर्ज तपासताना निघाली. चित्राखाली पेन्सिलीने ३/१२ असे लिहून बाईंनी सही केली होती.

"हे तीन-बारा काय?" महादेवरावांनी विचारले.

"बारा छाप काढलेत. त्यातला हा तिसरा."

"म्हणजे ही नक्कल. नियमात 'मूळ कलाकृती' असं आहे. मूळ कुठंय?"

"हेच मूळ. बाराही मूळच असतात, महादेवराव."

"बाई, मूळ एकच असतं. माणसाचं गाव जसं एकच असतं तसं."

बाई उठल्या. मग घरी जाऊन त्यांनी लाकडी ठोकळा आणला.

ठोकळा पाहून महादेवराव अधिकच गंभीर झाले. ठोकळ्यावर जे डावीकडे होते ते कागदावर उजवीकडे आले होते. नक्कल मुळाशी जुळत नाही, असा शेरा त्यांनी मारला. छापात असेच होते, असे बाईंनी तीनदा समजावले. शेवटी धर्मराज आरसा घेऊन आला. ठोकळा आरशासमोर धरताच दोन्ही तंतोतंत जुळले. महादेवरावांनी समाधानाने आपला गोल शिक्का जांभळ्या शाईत बुडवला आणि चित्राच्या वरच्या कोऱ्या जागेत मारला: 'अस्सलबरहुकूम', म्हणजे नक्कल मुळाप्रमाणे. 'आरशात पाहिले असता' एवढे हाताने जोडून खाली लफ्फेदार सही केली.

"तिथं?" बाईंनी विचारले.

"तिथंच जागा रिकामी होती," महादेवराव म्हणाले.

ठोकळा 'मूळ प्रत' म्हणून दप्तरी जमा झाला. चित्र पात्र ठरले.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी दुसरा प्रश्न उभा राहिला. दारावर 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी होती, आणि येणारा जाणारा गंगाबाईंच्या बरण्यांवर टिचकी मारून कान लावत होता. महादेवरावांनी गंगाबाईंनाच जाब विचारला.

"मंग?" गंगाबाई म्हणाल्या. "वाजवून नाय बगला तं पक्का हाय का कच्चा हाय, कसा कलेल? तुमी घरचा माठ काय पाटी वाचून घेता?"

मुद्दा बिनतोड होता. पण पाटीही अधिकृत होती. तेव्हा लोकांच्या वतीने उपसमितीच्या एका सदस्याने वाजवावे, असा तोडगा निघाला. ठराव महादेवरावांनी मांडला, अनुमोदन मी दिले आणि नेमणूकही माझीच झाली. तासाभरात रांग लागली. "मधली जरा वाजवा," असे कुणी म्हणे, मी वाजवी, आणि माणूस मान डोलावून पुढे सरके. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

दुपारी धर्मराजने तक्रार केली. बरण्यांपुढे गर्दी होते, माशांपुढे कुणी थांबत नाही. एका कलेला वाजवून दुसरीला वगळणे हा पक्षपात ठरला असता, म्हणून मी माशालाही वाजवले. शेपटी निखळली. ताबडतोब पंचनामा झाला: 'मासा, काचेचा, एक, शेपटीविरहित.' पंचनामा माशाशेजारी लावल्यावर गर्दी खरोखरच तिकडे वळली, कारण तिथे वाचायला काहीतरी होते. धर्मराज एवढा खूश झाला की त्याने आणखी दोन मासे माझ्यापुढे केले. समतोल राखण्यासाठी मी हेप्झिबाबाईंचे चित्रही वाजवले. आवाज आला नाही, अशी नोंद घेतली.

तिसऱ्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले. मोठे कलातज्ज्ञ होते. बरण्या, मासे, पंचनामे ओलांडून ते थेट बाईंच्या चित्रापुढे थांबले आणि दहा मिनिटे हलले नाहीत. बाईंनी पदर मुठीत गच्च धरला होता.

"हेच," पाहुणे म्हणाले. "हा चंद्र बघा. जांभळा, एका अंगाला पुसट, किंचित कललेला. इतक्या धीटपणे चंद्र कुणी ठेवला?" त्यांनी चष्मा वर केला. "सही महादेव अशी दिसते."

"माझीच आहे," महादेवराव म्हणाले. ते कधी खोटे बोलत नसत.

"चित्र माझं आहे," हेप्झिबाबाई म्हणाल्या.

"चित्र त्यांचं आहे," महादेवरावांनी प्रामाणिकपणे मान्य केले. "चंद्र तेवढा माझा."

"चंद्र काढला तर उरतं काय?" पाहुणे म्हणाले. "आणि खाली पेन्सिलीनं कुणीतरी खरडलंय. तेवढं पुसून घ्या."

खोडरबर फक्त माझ्या खिशात होता. मी बाईंकडे पाहिले.

"पुसा," त्या म्हणाल्या. "छापाची शाई पुसली जाणार नाही."

मी पुसले. काम स्वच्छ झाले.

जाण्याआधी बाई ठोकळा मागायला आल्या, पण मूळ प्रत परत देण्याची तरतूद नव्हती. त्या गेल्या. चित्र वाचनालयात लागले, खाली पितळी पट्टी: 'चंद्र. कलावंत: महादेवराव'. लोक पट्टी वाचतात, चंद्र पाहतात आणि पुढे जातात. परवा मीही गेलो होतो. चंद्राखाली बाईंनी काय काढले होते ते आठवेना, आणि पट्टी वाचून झाल्यावर वर बघायचे राहून गेले.

तेव्हा उपसमितीतल्या कुणीच बाईंना विचारले नव्हते की चित्रात आहे काय. तुम्हीही इथवर आलात, शिक्का पाहिलात, सही पाहिलीत, आणि चित्रात काय आहे हे एकदाही विचारले नाहीत. म्हणजे ठराव एकमताने मंजूर.