तारीफ केली की मूर्ती गेली

आमच्या शेजारच्या सुखदेवकाकांच्या बुद्धमूर्तीला चुकूनही छान म्हणू नका. म्हणालात, की काका बादलीत हात बुडवतात आणि तयार चेहऱ्यावरून फिरवून त्याचा पुन्हा मातीचा गोळा करतात.

"तारीफ झाली म्हणजे त्यात आपण शिरलो," ते बजावतात. "बुद्धानं काय सांगितलं? मी म्हणून काय नसतंच. मग ही कला कुणाची? कुणाचीच नाय. मोडा!"

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी घरामागं पत्र्याची शेड टाकली. आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून साचा आणि साच्यातून विहारासाठी फायबरची मूर्ती, असं काम. पण शांताकाकू गेल्यापासून एकही मूर्ती साच्यापर्यंत पोचलेली नाही. वाटेत कुणीतरी कौतुक करतंच. चितेगावचे एक गृहस्थ तर नुसतं "वा" म्हणाले. गेली मूर्ती!

यंदाची मूर्ती आमच्याच कॉलनीच्या विहाराची आणि बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली. विहार समितीनं फर्मान काढलं की शेडमध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. माणसं मयताला आल्यासारखी यायची आणि मान खाली घालून परत जायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वैजापूरहून माझी आत्या आली. तिला सांगायचं राहूनच गेलं. तिनं मूर्तीसमोर हात जोडले आणि म्हणाली, "किती गोड हसू हाय हो!"

काकांचा हात बादलीत गेला. समितीचे अध्यक्ष मटकन खाली बसले. माझी बायको मात्र कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

"हसू राहू द्या काका, डावा कान बघा की! सुपाएवढा झालाय."

काकांचा ओला हात हवेतच थांबला. ते मागं सरकले, डोळे बारीक करून बघू लागले.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. कोरणी घेऊन त्यांनी कानाची माती उतरवली आणि स्टुलावर बसले.

"शांता असंच करायची. एकदाबी चांगलं म्हणली नाय. एक खोट काढायची, मी ती नीट करायचो. मग म्हणायची, आता पुरं. ती गेल्यापासून थांबावं कुठं, तेच कळंना झालंय बघा."

इतके दिवस आम्ही ह्या माणसाच्या तत्त्वज्ञानाला हसत होतो.

बायकोनं वाकून तो कान दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"आता पुरं, काका," ती म्हणाली.

काकांनी बाहीनं डोळे पुसले आणि साच्यासाठी प्लास्टर कालवायला घेतलं.