ए आई प्रशिक्षण केंद्र

अंबरनाथ पूर्वेला एआय आणणारा पहिला माणूस कोण? हा प्रश्न पुढेमागे स्पर्धा परीक्षेत येणार आणि त्याचं उत्तर असणार महेंद्र सर, म्हणजे अस्मादिक!

त्याचं असं झालं, ठिकठिकाणी एआय कौशल्य प्रशिक्षण केंद्रं काढायला सरकार अनुदान देणार, अशी बातमी आली. वाचून मी सोफ्यावरून जो उडालो, तो पंख्याला जेमतेम चुकवून खाली आलो! कारण आमच्या कॉम्प्युटर क्लासची दशा लग्न आटोपलेल्या मांडवासारखी झाली होती. खुर्च्या भरपूर, माणूस नाही! अनुदान हुकलं तर शटर ओढण्याशिवाय इलाज नव्हता.

"बघच तू, रांगा लागतील!" मी बायकोला, म्हणजे यशोधराला म्हटलं. निम्मा क्लास तीच शिकवते.

"आधी तुम्ही तरी ते एआय शिका."

"शिकायचं काय त्यात? आपण नुसतं बोलायचं, काम ते करतं!"

"मग तुम्ही बोलाच. करायला मी आहेच."

अर्ज गेला आणि चक्क तपासणीचा फोन आला! संजीवनी मॅडम नावाच्या अधिकारी येणार होत्या. मी लगेच उल्हासनगरला बोर्ड रंगवणाऱ्या सिंधी कमलेशशेठना फोन लावला.

"साईं, 'एआय प्रशिक्षण केंद्र', एकदम मोठ्या अक्षरात! खाली 'प्रवेश मोफत, महिलांना प्राधान्य'. अर्जंट!"

"हो जायेगा सर, टेन्शन नहीं लेने का!"

आदल्या संध्याकाळी बोर्ड लागला. यशोधरा बदलापूरला माहेरी गेलेली. मी आनंदाच्या भरात बोर्डाचा फोटो काढला आणि हाताशी होते तेवढ्या सगळ्या ग्रुपांवर सोडला. अंगठे, बदाम, फुलं यांचा नुसता पाऊस! मी रात्रभर हवेत.

सकाळी स्टेशनवरून मॅडमना रिक्षाने घेऊन आलो, तर दाराशी चपलांचा डोंगर! आत बायकाच बायका! कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पोटात. एक बाळ तर कीबोर्डवर गाढ झोपलेलं आणि स्क्रीनवर त्याच्या टाचेने टाईप केलेली कादंबरी!

"वा! एवढा महिला सहभाग!" मॅडम खूश झाल्या. मला काही कळेना, पण छाती फुगवायला कळावं लागतंच असं नाही.

पुढच्याच खुर्चीत सोनिवलीच्या ठमाबाई, शेजारी त्यांची गरोदर सून चिमी.

"आजी, तुम्हाला हे शिकावंसं का वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"मना नाय गो, आमचे चिमीला! पयलीच बारी हाय तिची."

"पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते. पण एकदा तयार झालं की बोलतं, गाणी म्हणतं, चित्रं काढतं!"

"ह्या खरा हाय! पन सुरवातीला बोबडा बोलतंय."

"मराठीत थोडं अडखळतं खरं. पण जेवढं ऐकेल, तेवढं सुधारतं."

"ऐकतंय कुठं गो? आमचा नरेंद्र तिशीला आला, अजून ऐकत नाय!"

मॅडमच्या कपाळावर आठी उमटली. तेवढ्यात माहेराहून थेट क्लासवर आलेल्या यशोधराने मला दारातून बाहेर ओढलं.

"अहो, तुम्ही बोर्ड वाचलात का?"

मी मान वर केली आणि जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं. वर लिहिलं होतं, 'ए आई प्रशिक्षण केंद्र'! कमलेशशेठनी हिंदीत लिहितात तसं लिहिलं होतं. त्यांचं काय चुकलं? पण मराठी डोळ्यांना ते एखाद्या पोराने आईला मारलेल्या हाकेसारखं दिसत होतं! फुकटात आईपण शिकवतात म्हटल्यावर अख्खी पंचक्रोशी लोटली होती!

मी धावत आत गेलो. "मॅडम, ही मातृशक्ती आणि तंत्रज्ञान यांची एक अभिनव..."

"बोर्ड चुकलाय मॅडम," यशोधराने सरळ सांगून टाकलं. "या बायका आईपण शिकायला आल्यात."

बायका पोरं उचलू लागल्या. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. माझं काळीज पार तळघरात!

"थांबा गं," यशोधरा म्हणाली. "आलाच आहात तर काही विचारून बघा. चिमी, बोल इथे. मराठीत."

चिमी लाजत माईकजवळ आली. "बाळाचं डोकं कसं धरायचं?"

कॉम्प्युटर स्वच्छ मराठीत सांगू लागला आणि खोलीत एकदम "अगंबाई!" झालं! मग काय! माझं विचार, आधी माझं, हिचं नंतर! दात, उलट्या, टाळू, गुटी... कुठे विश्वास ठेवायचा, कुठे सरळ डॉक्टर गाठायचा, ते यशोधरा मध्ये मध्ये बजावत होती. ठमाबाईंनी शेवटी माईक हिसकावला.

"सुनंची चूक हाय का माजी?"

"दोघींची बाजू समजून घ्यायला हवी," कॉम्प्युटर म्हणाला.

"मेला, यो तं नरेंद्रासारकाच बोलतंय!"

मॅडम डोळे पुसत हसत होत्या. "मी पाहिलेल्या केंद्रांत एवढा उत्साह कुठेच नव्हता! आणि शिकवणाऱ्या बाई तर..."

अनुदान मंजूर झालं! अटीही आल्या. महिलांची स्वतंत्र बॅच, प्रशिक्षक आणि केंद्रप्रमुख यशोधरा. शिवाय बायका शिकत असताना त्यांच्या मुलांना सांभाळायची सोय हवी.

ती सोय म्हणजे मी! हे सगळं एका हाताने टाईप करतोय, दुसऱ्या हाताने झोळी हलवतोय. हसायचं असेल तर जरा हळू हसा हो, आत्ताच झोपलंय!