चोवीस चमच्यांवरचं नाव

मिनलने पेटीतला पहिला चमचा उलटा केला. दांड्याच्या मागे ठळक खोदलेलं होतं: 'सौ. रु. दे. ढोबळे, खापा, १९७१.'

"आजी, शिक्का कुठे आहे?"

"कोणता शिक्का वं?"

"चांदीचा मुलामा दिलेल्या विलायती चमच्यांवर मागे कारखान्याची खूण असते. आजोबा खरं सांगत होते का, ते त्यावरूनच कळेल."

रुखमाबाईंनी तो चमचा हातात घेतला. त्यांचे यजमान देवराव खाप्याजवळच्या मँगनीज खाणीत कारकून होते. इंग्रज मॅनेजर मायदेशी परतला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ही पेटी घेतली, असं ते शेवटपर्यंत सांगत. रुखमाबाई मात्र पाहुण्यांसमोर म्हणत, "कबाडातून उचलून आणली अन् साहेबाचं नाव सांगून राहिले!" पाहुणे हसत. देवरावही हसत, पण जरा उशिरा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. ते उशिराचं हसू रुखमाबाईंना हल्ली फार आठवायचं. म्हणून तर पेटी बाहेर निघाली होती.

"खूण होती," त्या हळूच म्हणाल्या. "बारीक इंग्रजी अक्षरं. मले वाटलं, पहिल्या मालकाचं नाव आहे. आपल्या भांड्यावर दुसऱ्याचं नाव कसं चालन? भांडेवाल्याकडून कानस मारून घेतली अन् आपलं टाकलं."

"सगळ्यांवर?"

"चोवीसच्या चोवीस. काट्यांवर बी."

मिनलने कपाळाला हात लावला आणि भिंग शोधायला आत गेली. तेवढ्यात, घासल्यावर काही दिसेल म्हणून रुखमाबाईंनी चिंच आणि राख घेऊन चार चमचे जोर लावून घासले. शिक्का दिसला नाही. मुलामा मात्र निघाला आणि आतला पिवळट धातू उघडा पडला.

"आजी, काहून घासले? आता चांदीही गेली!"

उरलेली पेटी घेऊन दोघी जरीपटका भागात जितेंद्रच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेल्या. त्याने डोळ्याला भिंग लावून एकेक नग पाहिला आणि बाजूला ठेवला. एका काट्यावर तो थांबला. तिथे कानस घसरली होती.

"अर्धा शिक्का राहिला आहे, माँजी. असली विलायती माल. शंभर वर्षं तरी जुना. पण हे नाव कोणी टाकलं? पूरा सत्यानाश!"

"आमच्या ह्यांनी," रुखमाबाई पटकन म्हणाल्या.

"आजी!"

रुखमाबाईंची मान खाली गेली. "नाही गा बाबू. मीच टाकलं. ते तर म्हणत होते, राहू दे वं, शोभते." मग त्यांनी काटा पुढे सरकवला. "काय म्हणाले तुम्ही? असली आहे? पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."

म्हातारीला ऐकू कमी येतं, असं जितेंद्रला वाटलं. तो ओरडलाच, "असली आहे, माँजी! विलायती!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. रुखमाबाईंनी पदर सारखा केला.

"ऐकलं ना हो?"

"मले म्हणून राहिले का?" जितेंद्रने विचारलं.

"नाही," रुखमाबाई म्हणाल्या.