मनोहररावांचे घर विकले का जात नाही

घर विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकाला आधी दर्शनी खोली दाखवतो. श्रीरामपूरचे आमचे शेजारी मनोहरराव भिंगारदिवे आधी न्हाणीघराची ओली भिंत दाखवतात. "आधी समदं ऐकून घ्या, मंग व्हय म्हना," हे त्यांचे पालुपद. मग पत्रा कुठे गळतो, बोअर कधी आटते आणि शेजारचा म्हातारा, म्हणजे मी, किती भांडखोर आहे, हे सारे ते आवडीने सांगतात. यातील शेवटचा दोष मला मान्य नाही.

व्यवहार का रखडतो, याची ज्याची त्याची हकीकत आहे. आमच्या गल्लीतील निवृत्त तलाठी म्हणतात, उतारा सदोष आहे. साफ चूक. उतारा मी स्वतः चष्मा लावून वाचला आहे. त्यावर मनोहरराव आणि पारनेरला दिलेली त्यांची धाकटी बहीण रूथबाई, अशी दोनच नावे आहेत. बोजा नाही, तंटा नाही. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणतो, बहीण सहीसाठी अडून बसली आहे. ही तर त्याहून मोठी चूक.

वस्तुस्थिती अशी की, गिऱ्हाईक ठरत आले की रूथबाईंना बोलावणे जाते. त्या बाजरीचे पीठ आणि हुलगे घेऊन एसटीने येतात, विधुर भावाच्या स्वयंपाकघराची मनसोक्त नालस्ती करतात आणि सगळे डबे घासून उन्हात मांडतात. एरवी खिचडीवर जगणारे मनोहरराव त्या दिवसांत हुलग्याची शेंगोळी ओरपतात. तोवर गिऱ्हाईक ओल्या भिंतीला भिऊन पळालेले असते. बहीण सही न करताच परत जाते आणि मनोहरराव नव्या उत्साहाने नवे गिऱ्हाईक शोधू लागतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र एका शिक्षकाने घोटाळा केला. त्यांनी सर्व दोष ऐकले, भिंतीला हात लावला आणि "चालेल" म्हणाले. मनोहररावांनी त्यांना गळका पत्रा पुन्हा एकदा दाखवला. वडील आता आपल्याकडे राहायला येणार म्हणून त्यांच्या पुण्याच्या मुलाने तर फ्लॅटमध्ये खोलीही सजवली होती.

नोंदणीच्या सकाळी साक्षीदार म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून हजर झालो. शिक्षक रिक्षा आणायला गेले होते. रूथबाई कपबशा विसळता विसळता म्हणाल्या, "दादा, सही करते मी. पन नाताळाला एसटीतून उतरून कुनाच्या दारी जायचं, तेवढं सांगून ठिव."

"पुन्याला ये की."

"ते सुनंचं घर. तितं पानी बी मागून प्यावं लागंल."

मनोहररावांनी बूट चढवले. रिक्षा येताच त्यांनी बाहेर जाऊन शिक्षकाला ठरल्याच्या दीडपट भाव सांगितला. या वयात इतका लोभ शोभत नाही, असे सुनावून शिक्षक त्याच रिक्षाने परतले.

मी भडकलो. खरे कारण त्या गृहस्थाला सांगायला हवे होते, असे मी मनोहररावांना स्पष्ट बजावले.

"आन् गाव काय म्हनंल? बहिनीनं मोडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यापरीस मला लोभी म्हनू द्या."

गाव तसे म्हणते आहे. मी हे लिहितो आहे, ते त्यांच्या परवानगीवाचून.

मग त्यांनी बूट काढले आणि आत वाकून सांगितले, "रूथ, यांचं बी ताट वाढ. यांला राग आला की लई भूक लागती."

हेही खरे नाही. पण मी जेवलो.