दिवाकररावांचा वाघ

दिवाकररावांनी वाघाला मिठी मारल्याचा फोटो चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या बैठकीत सहा वर्षं दिमाखात लटकत होता. बँकॉकच्या सहलीतला. घरी येणाऱ्याला आधी वाघ, मग पाणी. पण आज राधिकाला बघायला पाहुणे येणार, आणि अर्धा तास उरला असताना राधिकाच्या आईला, मंदाकिनीबाईंना, कळलं, की मुलाचे वडील यशवंतराव राज्याच्या नव्या राजधानीत वनखात्याचे साहेब आहेत. शिवाय परवाच त्यांनी पेपरात सांगितलं होतं, की बांधलेल्या वाघासोबत फोटो काढणाऱ्यांनाच पिंजऱ्यात टाकलं पाहिजे.

"काढा तो आधी! पोट्टीचं लग्न मोडता काय?"

सहा वर्षांची शान अर्ध्या तासात लाज कशी झाली, हे दिवाकररावांना काही केल्या उमगेना. त्यांनी फोटो सोफ्यामागे सारला. मळक्या भिंतीवर एक खिळा आणि लख्ख चौकोन उरला.

पाहुणे आले आणि यशवंतराव नेमके त्या चौकोनासमोर बसले.

"इथं काय होतं जी?"

"कॅलेंडर," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"आमचे बाबा," त्याच क्षणी दिवाकरराव म्हणाले.

"बाबांचा फोटो असलेलं कॅलेंडर," राधिकाने सावरून घेतलं, आणि घोळ आणखी वाढला.

"मग काढलं काहून?"

"पुसून राहिलो होतो."

"मग आणा की. आमच्याकडे पोट्टापोट्टी आधी घरच्या थोरल्याले नमस्कार करतात, मग चहा."

दिवाकररावांची पंचाईत झाली. बाबांचा एकुलता एक फोटो पेन्शनच्या पुस्तकावर चिकटवलेला, तोही अंगठ्याएवढा. शेवटी मंदाकिनीबाईंनीच सोफ्यामागे वाकून वाघाच्या फोटोला तिथंच रेशमी शाल पांघरली आणि तो टेबलावर उभा केला. "काच तडकली आहे, झाकूनच राहू द्या," त्या म्हणाल्या.

राधिका आणि यशवंतरावांचा मुलगा पराग हात जोडून वाकले.

"दादाजी काफी चौड़े हैं," पराग सवयीच्या हिंदीत कुजबुजला.

"हव," राधिका म्हणाली.

शाल गुळगुळीत आणि पंखा पाचवर. ती सरसर घसरली.

यशवंतराव चष्मा चढवून फोटोजवळ गेले. लग्न मोडलंच, असं धरून दिवाकररावांनी सगळं कबूल करून टाकलं. "चुकलं साहेब. हौस होती. खरं सांगू का, तो झोपून होता. मी एकटाच थरथरत होतो."

यशवंतरावांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट वाघाच्या कपाळावर फिरत होतं.

"हा तर तोच!"

"कोण?"

"पट्टे बघा. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. शंभर टक्के तोच."

दिवाकरराव गोंधळले. "पण बँकॉकचा वाघ तुमच्या ओळखीचा कसा?"

यशवंतरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"पापा, अपना वाला फोटो अलमारी के पीछे ही है न?" परागने विचारलं. "पेपरवाले आए थे, तब से?"

यशवंतराव खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "तुमच्या वेळेस तरी जागा होता काय तो?"

"नाही बापा."

"आमच्याही वेळेस झोपूनच होता. दहा वर्षं झाली."

दोघांनाही त्या बिचाऱ्या वाघाची दया आली, आणि एकमेकांकडे बघायची लाज वाटली. राधिका आणि पराग मात्र हात जोडून तसेच उभे होते. नमस्कार पुरा करावा की नाही, हे त्यांना कळेना.

"करा रे नमस्कार," यशवंतराव म्हणाले. "दोन्ही घरचा थोरला हाच निघाला."