दाजींचे खालचे फटके

दाजी सकाळी देवाला फूल वाहतात, चहा घेतात आणि बरोबर दहा वाजता मेटल, म्हणजे दणदणीत रॉक संगीत, वाजवायला बसतात. गाणे नव्हे, नुसता ऱ्हिदम. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर उजव्या तळहाताची कड टेकवून तासभर एकच ठेका: ढुग्, ढुगढुग. ढुग्, ढुगढुग.

पहिल्या दिवशी आमच्या आईला वाटले, विहिरीवरचा पंप अडकला. तिने वायरमन बोलावला. त्याने मोटर खोलली, पुन्हा जोडली आणि आवाज कुंपणापलीकडचा असल्याचे सांगितले.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत दाजी आमचे शेजारी. टपाल खात्यातून निवृत्त. गिटार मोबाइलवर बघून शिकले. मेटलमध्ये मुख्य काम खालच्या दिशेच्या फटक्यांचे असते हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या संगीताकडे पाहिले नाही.

"जन्मभर शिक्के मारलंय. हात खाली कसो जाता, ता माका कोण शिकवतलो?"

वर येणारा फटका त्यांना जमत नाही. त्यांच्या मते तो मारलेला शिक्का पुसण्याचा प्रकार.

वाडी दोन महिने गप्प राहिली. मग हेडफोन आणले गेले. दाजींनी ते दोनदा परत पाठवले. आता पोलिसपाटलांकडे अर्ज जाणार होता. त्याआधी एकदा समजावायला मला पाठवले.

मी गेलो तेव्हा ठेका चालू होता. स्पीकर जमिनीवर टाकलेल्या फळीवर होता. त्याच फळीवर अनवाणी पावले टेकून दाजींच्या पत्नी, आमच्या काकी, वालीच्या शेंगा सोलत होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले. एके काळी चतुर्थीला वाडीची फुगडी त्यांच्याशिवाय सुरू होत नसे.

मी अर्जाचे सांगितले आणि परत आलेले हेडफोन पुढे केले. दाजींनी ते लावले, पिन जोडली आणि वाजवायला लागले. फळीची थरथर थांबली, खोलीत तारांची बारीक खसखस तेवढी उरली.

काकींनी आधी पावलांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"थांबलात कित्याक? फुगडी मोडली मा माजी."

दाजींचा हात चालूच होता. त्यांनी पिन उपटली. फळी पुन्हा थरथरली. काकींनी पुढची शेंग घेतली.

"वाडीत काय सांगू?" मी विचारले.

"सांग, म्हातारो आयकना नाय," दाजी ठेका न चुकवता म्हणाले. "हिचा नाव काढू नको."