सत्तर किलो गहू

आमच्या वर्तकनगरातले सामंतकाका गेली नऊ वर्षं दर रविवारी माझ्या गिरणीत गव्हाचं पोतं आणतात आणि दळायला देत नाहीत. नुसतं वजन करायचं. मग ते आपल्या लाल, बिनछपराच्या विलायती स्पोर्ट्स कारमध्ये शेजारच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा आणि येऊरचा चढ गाठायचा. अर्ध्या चढावर गाडी दम सोडते. काका काळ्या हातांनी परत येतात आणि मला सांगतात, "घोडे झोपलेत, वैशाली. मेलेले नाहीत."

घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. इंजिन काकांच्या वयाला आलेलं. डोंबिवलीच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी त्याचं हेड तीनदा घासून आणलं. त्याने आतला दाब वाढतो म्हणे. एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले. सायलेन्सर बदलला, त्याने ताकद किती वाढली देव जाणे, सोसायटीतली भांडणं वाढली. हे सगळं मी ऐकते, कारण गिरणी चालू असताना मला पळून जाता येत नाही.

पोत्याचं कारण सामंतकाकूंनी सांगितलं. गाडी घेतली त्या आठवड्यात दोघं येऊरला निघाली. चढावर गाडी बसली. काकू उतरून चालत वर गेल्या आणि त्यांच्या माहेरची माणसं रिक्षातून हात हलवत पुढे गेली. मला घेऊन चढेल तेव्हाच बसेन, असं काकूंनी तिथेच ठणकावलं. तेव्हापासून काका काकूंच्या वजनाचे गहू भरतात. काकू वाढल्या की पोतं वाढतं; गेल्या वर्षी ते सत्तर किलोंवर पोचलं.

एकदा वैतागून मी म्हटलं, काका, इंजिनापेक्षा काकूंचं थोडं उतरवणं सोपं पडेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "माणसाला कमी हो म्हणायचं नसतं. इंजिनाला वाढ म्हणायचं."

यंदा काकू दोन महिने इस्पितळात होत्या. घरी आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. जेमतेम पन्नास किलो असतील.

पुढच्या रविवारी काका आले. दळणाचे डबे दारापर्यंत लागले होते, माझी कंबर धरली होती. पोतं काट्यावर टाकलं तर सत्तरच्या आसपास. म्हटलं, काका, वीस किलो काढा. पन्नासला गाडी चढेल, संध्याकाळीच काकूंना फिरवून आणा.

"चढते," ते म्हणाले. "काल पन्नास घालून पाहिली. न थांबता वर गेली."

मग अडलंय कुठे, मी विचारलं.

काका हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. "ती पन्नासची नाहीये गं. आजारी आहे."

मी गिरणी बंद केली. काटा नीट पाहिला. एकोणसत्तर दाखवत होता. माझ्या घरच्या डब्यातले किलोभर गहू त्यात ओतले आणि त्यांच्याकडून सुतळी घेऊन पोत्याचं तोंड बांधून टाकलं.